निपुत्रिक

आमच्या गावात वावर कुणी गट नंबरानं ओळखत नाही. आंब्याचं, पांढरीतलं, म्हसोबाचं, खळ्याजवळचं अशी वावरांची नावं. ओढ्याच्या अंगाला 3 एकराची एक चिंचोळी जमीन आहे, तिला सगळं गाव ‘बाईची पट्टी’ म्हणतं. माझे वडील म्हणायचे, चुलते म्हणायचे, आजचा सालगडीही म्हणतो, “बाईच्या पट्टीत मोटार चालू केली.” या पट्टीच्या सातबाऱ्यावर मात्र जवळपास पन्नास वर्षं एकाही बाईचं नाव नव्हतं.

गाव अंबड तालुक्यातलं. बाई म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची विधवा. आम्ही तिला थोरली माय म्हणायचो. ती गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्यामुळे आठवणी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. मोकळं कपाळ, हिरवट गोंदण, आणि माजघराच्या कोपऱ्यात तिची एकटीची कणगी. घरची ज्वारी बळदात जायची, बाईच्या पट्टीतली त्या कणगीत. दोन्ही ज्वारी एकाच मातीतल्या, एकाच बैलांनी पेरलेल्या, तरी थोरली माय त्या मिसळू द्यायची नाही. नागपंचमीला तिची लेक, म्हणजे आमची थोरली आत्या, माहेरी यायची आणि परत जाताना त्या कणगीतलं एक पोतं बैलगाडीत चढायचं. हे पोतं लेकीचं, असं कुणी बोलून दाखवत नसे. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पुढची गोष्ट मला आजीनं सांगितली. 1999 च्या हिवाळ्यात, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलताना. आजीला इसवी सन येत नव्हतं. तिचा काळ रझाकारानं, बहात्तरच्या दुष्काळानं आणि पाटाच्या पाण्यानं मोजलेला होता. मराठवाड्यातल्या तिच्या वयाच्या बहुतेक माणसांचं पंचांग हेच. त्या तीन खुणांमध्ये सगळी लग्नं, बाळंतपणं आणि मरणं बसवलेली असायची.

“रझाकाराच्या आधी चार-पाच वर्सं,” आजी म्हणाली, “दोघा भावांचं बैलांवरून बिनसलं. थोरला म्हणे, मला येगळं करा. भावकी बसली. पाडव्याला वाटणी करायची असं ठरलं. आन् माघात पटकी आली.”

थोरले आजोबा एका रात्रीत गेले. मागे अठरा-एकोणीस वर्षांची बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

“दोन म्हैने जगला असता ना रे बाबा,” आजी म्हणाली, “तर तिचं नशीबच येगळं झालं असतं.”

मी तेव्हा ते म्हातारीचं हळहळणं समजलो. पुष्कळ वर्षांनी कायद्याची पुस्तकं चाळताना कळलं, की आजी नशिबाचं म्हणून जे बोलत होती ते अक्षरशः कायद्याचं कलम होतं. हिंदू वारसाहक्काचा जुना पाया मिताक्षरा. हा ग्रंथ विज्ञानेश्वरानं सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत लिहिला. ती कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आजीच्या तरुणपणी आमच्यासारखंच निजामाच्या राज्यातलं गाव. मिताक्षरेप्रमाणे भावांपासून वेगळा झालेला माणूस मुलाविना मेला तर त्याची मालमत्ता आधी बायकोकडे जाते, तिच्यामागे मुलीकडे. तोच माणूस एकत्र कुटुंबात मेला तर त्याचा हिस्सा जिवंत भावांत विरघळून जातो, आणि बायकोला राहते ती पोटगी. घरची जमीन 24 एकर. पाडव्याची वाटणी झाली असती तर त्यातली 12 एकर थोरल्या मायकडे आली असती, हयातीपुरती का होईना, आणि तिच्यानंतर आत्याकडे. माघ ते चैत्र, एवढ्या दोन महिन्यांनी दोन बायकांची आयुष्यं ठरवली.

आणखी एक गोष्ट मला जास्त लागते. आमच्या जालन्याहून देऊळगाव राजा नि सिंदखेड राजा किती लांब? सकाळी निघालेली बैलगाडी सांजच्याला पोचावी एवढंच. पण ते वऱ्हाड, इंग्रजी अमलातलं. तिकडे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानं 1937 साली हिंदू विधवेला एकत्र कुटुंबातल्या नवऱ्याच्या हिश्शावर हक्क देणारा कायदा झाला होता, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात 1942 साली तो शेतजमिनीलाही लागू केला गेला. म्हणजे हेच घर सीमेपलीकडे असतं, तर वाटणी झालेली नसतानाही थोरली माय 12 एकरांवर बोट ठेवू शकली असती. आमच्याकडे, हैदराबाद संस्थानात, तो कायदा नव्हता. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि त्यानंतरही 1953 उजाडावं लागलं तो इकडे लागू व्हायला. तोवर थोरल्या आजोबांना जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. मागे झालेल्या मरणांना तो लागू नव्हता.

भावकी पुन्हा बसली. पंचांनी थोरल्या मायला ओढ्याकाठची 3 एकर दिली, ‘चोळी-बांगडीला’. विधवेला पोटगीपोटी तोडून दिलेल्या जमिनीला आमच्याकडे हाच शब्द आहे. बांगडी फुटलेल्या बाईला बांगडीसाठी जमीन. तो शब्द उच्चारणाऱ्यांच्या कधी ध्यानात आलं नाही, ज्यांना ती मिळाली त्यांच्या आलं असणार.

“आन् तू?” मी आजीला विचारलं. “तू काय म्हणालीस तेव्हा?”

आजी बराच वेळ शेंगा सोलत राहिली. “मी काय म्हणणार? नवी नवरी मी. आन् खरं सांगू का, मला गोडच लागलं. आपल्या लेकरांचं भलं व्हतंय म्हणलं.”

तिच्या तोंडून ते ऐकलं म्हणून मला ती आजही मोठी वाटते.

दिल्लीत त्या वर्षांत काय चाललं होतं ते आमच्या गावाला कळण्याचं कारण नव्हतं. हिंदू कोड बिल अडवलं गेलं आणि बाबासाहेब आंबेडकरांनी 27 सप्टेंबर 1951 ला कायदेमंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे एक ठळक कारण होतं. मुलीला मुलाबरोबर हिस्सा मिळावा म्हणून देशाच्या कायदेमंत्र्यानं खुर्ची सोडली. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले, त्यातला वारसाहक्काचा 17 जून 1956 ला अमलात आला. मृग लागून दहा दिवस झाले असतील. त्या दिवशी थोरली माय बहुधा पट्टीत पेरणीच्या मागे उभी असेल. त्याच दिवशी ती त्या 3 एकरांची पूर्ण मालकीण झाली. कायद्याच्या 14 व्या कलमानं हिंदू स्त्रीच्या ताब्यातली पोटगीपोटी मिळालेली जमीनसुद्धा तिच्या संपूर्ण मालकीची केली. विकायला, द्यायला, मागे ठेवायला तिची ती मुखत्यार. तिला हे कुणी सांगितलं नाही. ती मरेपर्यंत ‘मी हाये तवर माझी’ असंच म्हणत राहिली.

एक-दोन वर्षांनी आत्याचं लग्न झालं. परतूर तालुक्यात दिली. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होतं आणि आमचा तालुका औरंगाबादमध्ये. दोन्ही एका जिल्ह्यात आले ते 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा. ही नुसती भूगोलाची गोष्ट नाही, पुढे ती आत्याला महागात पडली.

आजोबा 1969 ला गेले. बहात्तरच्या दुष्काळात वडील आणि चुलते दोघंही खडी फोडायला जायचे. कामावर मिळणारी सुकडी वडील धोतराच्या सोग्यात बांधून आणत आणि पहिली मूठ थोरल्या मायच्या हातावर ठेवत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते लिहून ठेवतो, कारण पुढचंही लिहायचं आहे.

थोरली माय 1974 साली गेली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं काम तेव्हा चालू होतं. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये पायाभरणी केलेलं धरण पुरं होत आलं होतं, आणि पाट अंबड तालुक्यातून जाणार हे पोरासोरांना ठाऊक होतं. मोजणीचे दगड शिवारात रोवले गेले होते. ज्या जमिनीत ज्वारीचं एक पीक निघायचं तिच्यात ऊस येईल, मोसंबी येईल अशी बोलणी पारावर सुरू झाली होती. ओढ्याकाठच्या काळ्याभोर पट्टीची किंमत त्या वर्षी पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांत भरली.

बाराव्या-तेराव्याला आत्या होती. रडून डोळे सुजलेली, भावांच्या गळ्यात पडलेली. पंधराव्या दिवशी ती परतूरकडे गेली. जाताना कणगीतलं पोतं दिलं गेलं. ते शेवटचं. त्यानंतर कणगीत भुसा भरला.

आजीनं एवढं सांगून शेवटी म्हटलं, “ती पट्टी तिची हाय. तुझ्या बापाला म्या दोनदा म्हणलं. तो म्हणला, ती कुठं मागती? मागती नाही म्हून तिची नाही, असं आस्तं का?” दुसऱ्या वर्षी आजी गेली.

हे ऐकून मी वीस वर्षं काही केलं नाही. वडील होते तोवर विचारायची छाती झाली नाही. ते गेल्यावर पट्टीत मोसंबी उभी होती, आणि उभ्या झाडांची जमीन सोडणं मला जड गेलं. ही मोसंबी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं नाव, भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ. 2012 च्या दुष्काळात ती बाग वाळली. शेजारीपाजारी सगळ्यांच्याच बागा वाळल्या, कुऱ्हाडी लागल्या. झाडं गेली तरी मी गप्पच होतो.

ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्यातला निकाल आला. मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मालमत्तेची भागीदार, 2005 ची दुरुस्ती झाली त्या दिवशी बाप हयात असो वा नसो. करोनामुळे सगळे गावातच होते. पारावर एक जण म्हणाला, “घ्या, आता बहिणींना दार उघडलं.” दुसरा म्हणाला, “आपल्याकडच्या पोरी मागणार नाहीत.” सगळे हसले. मला आजीचं वाक्य आठवलं.

लोकांचा एक समज मला इथं खोडावासा वाटतो. मुलींना हक्क 2005 साली आला, असं सर्रास बोललं जातं. बापाच्या स्वतःच्या हिश्शात मुलीला मुलाइतका वाटा 1956 पासून आहे. आई आधीच गेलेली, बाप, दोन मुलं, एक मुलगी, जमीन 24 एकर असं धरा. जुन्या 1956 च्या कायद्यानं बापाचे 8 एकर बाजूला निघायचे आणि त्यांचा तिसरा भाग, म्हणजे 2 एकर 26 गुंठ्यांहून थोडं अधिक, मुलीचं. आजच्या कायद्यानं तिचे सरळ 8 एकर. मधे 1994 साली महाराष्ट्रानं देशाच्या आधी मुलींना भागीदार केलं, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. अक्षता पडल्या की नाव खोडायचं, ही गावाची रीत त्या एका अटीत कायद्यानंही पाळली. ती अट 2005 नं काढली. आत्याच्या बाबतीत मात्र यातल्या कशाचीच गरज नव्हती. तिची आई पूर्ण मालकीण म्हणून मेली होती आणि ती तिचं एकुलतं एक अपत्य होती. 1956 चा कायदा तिला पुरेसा होता.

मग ती वगळली कशी गेली? ते बघायला मी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाकला. 1954-55 च्या खासरा पत्रकात पट्टीच्या ताब्यापुढे थोरल्या मायचं नाव स्पष्ट होतं. तिच्या मृत्यूनंतरचा फेरफार हाती आला तेव्हा मी तो तिथंच बाकावर बसून वाचला. मजकूर चार ओळींचा. मयत निपुत्रिक असून तिच्यामागे दोन पुतणे हेच वारस. चावडीवर नोटीस लावली, मुदतीत हरकत आली नाही, नोंद मंजूर. खाली जबाब देणाऱ्याची सही. ती माझ्या वडिलांची होती.

निपुत्रिक. आपण हा शब्द मूलबाळ नसलेल्याला लावतो, पण शब्दात आहे तो पुत्र. थोरल्या मायला पुत्र नव्हता हे खरंच होतं. म्हणजे त्या शब्दापुरती वडिलांनी खोटी साक्ष दिली असंही म्हणता येत नाही, आणि लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं असंही नाही. एक जिवंत, तेहतीस वर्षांची, चार लेकरांची आई असलेली बाई त्या एका शब्दात नाहीशी झाली. मृत्युपत्र करून, नाव घेऊन, रागानं कुणाला बेदखल करणं आमच्याकडे क्वचितच घडलं असेल. त्याला निदान बापाला सही करावी लागते आणि लेकीला भांडायला एक कागद मिळतो. इथं भांडायलाही काही उरलं नाही. चावडीवरच्या नोटिशीची हरकत परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात चुलीपुढं बसलेली बाई कशी घेणार होती?

वडिलांची ती सही मला फार ओळखीची होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची. त्यांनी एकाही पंचमीला आत्याचं लुगडं चुकवलं नाही. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात धान्याचा सगळा भार उचलला. पण लुगडी आणि धान्य दिलं म्हणून जमीन फिटत नाही. त्या जमिनीवर मी शिकलो. औरंगाबादला वसतिगृहात राहिलो, नोकरीला लागलो, तो पैसा पाटाचं पाणी आल्यानंतरच्या पट्टीतला होता. आत्याची एकही मुलगी सातवीच्या पुढे गेली नाही.

कागद पिशवीत घालून मी परतूरकडे गेलो. आत्या ऐंशीच्या घरात, कान शाबूत, डोळ्याचं एकदा ऑपरेशन झालेलं. मी सगळं सांगितलं. मनात पक्कं होतं की ती म्हणेल, राहू दे रे, भावाचं ते माझंच. अशा गोष्टींत म्हाताऱ्या आत्या हेच म्हणतात, आणि ते ऐकून आपण सुटतो.

आत्या म्हणाली, “विहिरीला पाणी किती हाय आता?”

मी सांगितलं.

“पाहिजे मला,” ती म्हणाली. “काहून नको? माझ्या मायनं त्या पट्टीत जल्म काढला. तुझ्या बापाची मी वाट बघितली. तो दर पंचमीला यायचा, जेवायचा, लुगडं ठिवायचा. मी म्हणायची, आज बोलंल. बोलला नाही.” मग थोडं थांबून, “मी मागितलं आस्तं तर पंचमी बी बंद झाली आस्ती. म्हून नाही मागितलं. देणार आसशील तर कागद कर. तोंडानं नको.”

ती माया करत होती म्हणून गप्प होती, असं आम्ही पन्नास वर्षं धरून चाललो. ती माहेर तुटेल या भयानं गप्प होती. त्या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि आमच्यासारख्या भावा-भाच्यांना त्या सारख्या दिसण्यातच फायदा आहे.

आजही हेच चाललं आहे, फक्त कागद बदलला. आता निपुत्रिक लिहून भागत नाही, वारस नोंदीत मुलींची नावं लागतात. म्हणून दिवाळी-पंचमीनंतर बहिणींना जीपमध्ये बसवून निबंधक कार्यालयात नेतात. हक्कसोडपत्राचा मुद्रांक परवापरवापर्यंत 200 रुपयांचा होता, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा झाला. बाहेर रसवंतीवर रस, हातात साडी, आणि आठ एकरांवर अंगठा. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा जमिनीच्या मोबदल्याच्या आकड्यांनी कित्येक घरांत बहिणींची आठवण एकदम जागी केली, कारण खरेदीखतावर त्यांची सही लागत होती. तोवर त्या फक्त ओवाळायला होत्या. ज्या घरात बहिणीला खरोखरच नको असेल तिथं तिला आधी आकडा सांगा. किती एकर, आज भाव काय, हे तिला माहेरच्या ओसरीत नीट सांगा, तिच्या लेकरांसमोर सांगा, आणि आठ दिवस जाऊ द्या. त्यानंतर तिनं नको म्हटलं तर ते सोडणं.

आमच्या पट्टीचे वाटणीत दोन भाग झाले होते. अर्धी माझ्याकडे, अर्धी चुलत भावाकडे. मी त्याला नकला दाखवल्या. त्यानं त्या वाचल्या, घडी घालून परत दिल्या आणि म्हणाला, “पन्नास वर्सांचं आता काय उकरतो?” तेव्हापासून आमचं येणं-जाणं कमी झालं आहे.

माझ्या वाट्याची 1 एकर 20 गुंठे 2022 साली आत्याच्या नावावर नोंदणीकृत कागदानं केली. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी तिचा नातू मोटारसायकलवर तिला घेऊन आला. बांधावर ती फार वेळ उभी राहिली नाही, ऊन होतं. त्या वर्षी तिनं पट्टीत तूर लावली.

उरलेली 1 एकर 20 गुंठे अजून चुलत भावाच्या नावावर आहे. तीही तिचीच आहे.